उपासाला चालणारं औषध

पोटात दुखतंय म्हणून बाईमाणूस कधी डॉक्टरकडे जातं होय? मी तरी जाणाऱ्यातली नव्हते. ओवा चावायचा, आमसुलाचं पाणी प्यायचं, पदर खोचायचा आणि चुलीपुढे उभं राहायचं, एवढंच मला ठाऊक. आता बरी झाल्यावर हे लिहायला बसले आहे ते अशाच माझ्यासारख्या शहाण्या बायांसाठी. पुरुषांनीही वाचायला हरकत नाही. त्यांच्या घरात अशी एखादी असतेच.

रत्नागिरीत एस. टी. स्टँडच्या मागच्या बाजूला माझी खानावळ आहे. जेवायला येणारे ते मेंबर. त्यात ड्रायव्हर, कंडक्टर, कचेरीतले एकटे राहणारे कारकून आणि कॉलेजची पोरं. सगळ्यांची मी काकी. माझी जीभ तिखट आहे असं म्हणतात, पण आमटीही तशीच असल्यामुळे कोणी सोडून जात नाही.

वाढणारीने आधी तोंड घालायचं नाही, ही माझ्या आईची शिस्त. शेवटचा मेंबर हात धुऊन उठला की मग मी पान घ्यायची. तोवर उन्हं कलायची. बांगड्याचं सार संपलेलं असायचं, मग ताकभात. तेही कधी भूक मेली म्हणून राहून जायचं. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं आणि त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही.

मग दुखायला लागलं. छातीच्या खाली, मधोमध, बोट ठेवून दाखवता येईल अशी जागा. पोट रिकामं असलं की तिथे मिरची चोळल्यासारखी आग व्हायची, खाल्लं की थांबायची. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी एक बाटली दिली. पांढरं, दाट औषध. खडूचा चुरा पेपरमिंटात कालवावा तशी चव. दोन चमचे घेतले की आत एकदम थंड वाटायचं. डॉक्टर म्हणाले, "हे घ्या आणि जेवण वेळेवर करा." त्यातलं पहिलं मी अगदी मन लावून ऐकलं.

ह्यांचं व्याख्यान

आमचे हे हायस्कूलच्या प्रयोगशाळेत शिपाई. त्याआधी तरुणपणी, आमच्या गावच्या सड्यावर दगड तपासायला साहेब लोक आले होते तेव्हा ह्यांनी त्यांच्या दगडांच्या पिशव्या वाहिल्या होत्या. आमचा सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळ, मैलोन् मैल तांबडा जांभा. त्यात अ‍ॅल्युमिनियम आहे, कारखाना येणार, घरटी एक नोकरी मिळणार, असं तेव्हा जो तो बोलायचा. कारखाना काही उभा राहिला नाही. पण त्यातून काय काय निघालं असतं ते ह्यांना अजून तोंडपाठ आहे. विमानाचे पत्रे, विजेच्या तारा, घराघरातली पातेली. चहा पितापिता कोणी सापडला की ऐकवायचे.

एके दिवशी ह्यांनी माझी औषधाची बाटली उचलली, चष्मा वर केला आणि वरचा कागद एकेक अक्षर लावत वाचला. मग असे काही खूश झाले की विचारू नका.

"अगो, हे काय पितेस तू, म्हायत हाय काय?"

"पोटाचं औषध. दुसरं काय असणार?"

"अ‍ॅल्युमिनियम हाय ह्यात! आपल्या सड्यावरच्या दगडातलं. कारखाना नाय आला, पण तुझ्या पोटात आला बघ."

"मग तिथे नोकरी धरा," मी म्हटलं.

पण त्यांचं बोलणं सुरू झालं की बांध नाही. न्हावी दाढी झाल्यावर गालाला फिरवतो ती तुरटी, तीही ह्याच जातीची. पावसाळ्यात गढूळ पाणी निवळायला आपण जी फिरवतो तीच. दृष्ट काढताना निखाऱ्यावर टाकतो तीच. "एक धातू, पण दुसऱ्याशी संसार केला की दर वेळी निराळा गुण," असं शाळेतले सर सांगतात म्हणे. मी भाकऱ्या थापत ऐकलं. त्यातलं एकच वाक्य डोक्यात राहिलं, की हे औषध दगडातून येतं. ते का राहिलं, ते आता सांगते.

बोललेले उपास

आमची नलू, एकुलती एक लेक, पालीला दिलेली. जावई सरळ माणूस, सासरही बरं. पण तिचं पहिलं मूल तिसऱ्या महिन्यात गेलं. तेव्हा मी सोमवार धरले होते. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी गुरुवारही धरला. ते मूल पाचव्यात गेलं. पोर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, हाक मारली तर हूं म्हणायची नाही.

तिसऱ्यांदा दिवस राहिले. मी गावच्या देवळात जाऊन गाऱ्हाणं घातलं, की पोरीची सुखरूप सुटका होईपर्यंत सोमवार, गुरुवार आणि संकष्टी, सगळे कडकडीत करीन. साबुदाणा नाही, वरी नाही, फळ नाही. आधीच्या दोन वेळी माझंच काहीतरी कमी पडलं असणार, ही माझी खात्री झाली होती.

आता कडकडीत उपासाला पोटातली आग कशी सोसायची? बाटली समोर दिसत होती, पण औषधाने उपास मोडला तर? आमच्या घरात उपासाला साधं मीठ चालत नाही, सैंधव लागतं. का, तर सैंधव खाणीतून येतं, त्याला कोणाचा हात लागत नाही. आणि माझ्या डोक्यात लखकन् प्रकाश पडला. हे औषध तरी कुठून येतं? दगडातूनच ना! तेही आमच्याच गावच्या सड्यावर सापडणाऱ्या. म्हणजे सैंधवापेक्षाही सोवळं.

हसताय ना? हसा. मीही आता हसते. पण तेव्हा मला वाटलं की देवानेच वाट दाखवली. उपासाच्या दिवशी आग झाली की दोन चमचे. पुन्हा झाली की पुन्हा दोन. बाटली पदराआड धरून मी मेंबरांना वाढायची आणि मनात म्हणायची, बघ देवा, कसा कडक उपास चाललाय.

त्या औषधाने पोट साफ होईना. मग एक दिवस झालं ते काळं, डांबरासारखं चिकट. ही काय कोणाला सांगायची गोष्ट होय? औषधाचाच गुण असेल, असं म्हणून मी बादलीभर पाणी ओतलं आणि गप्प बसले. बायांनो, एवढं एक मात्र ऐका. असं काळं दिसलं तर लाजू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. ते रक्त असतं. मला ते कोणी आधी सांगितलं असतं तर पुढचं टळलं असतं.

पडले ती दुपार

गुरुवार होता. पंगत बसलेली. मी भाताचं पातेलं उचललं आणि समोरची माणसं एकदम लांब गेल्यासारखी दिसायला लागली. कानात घू घू आवाज. पातेलं खाली ठेवीन म्हटलं, तर हात कुठे आहेत तेच कळेना. मग मळमळलं आणि ओकारी झाली, कॉफीच्या गाळासारखी. अन्नावर पडू नये म्हणून मी मान वळवली, एवढं आठवतं.

एस. टी.चा एक घाटावरचा ड्रायव्हर जेवत होता. तो उष्ट्या हातानेच उठला. त्याने आणि कंडक्टरने मला रिक्षात घातलं आणि सरकारी इस्पितळात नेलं. वाटेत मी म्हणे म्हणत होते, "आमटीत मीठ घालायचं राहिलंय." ड्रायव्हर सांगतो, खरंच राहिलं होतं.

रक्त लागेल म्हणाले. ह्यांचं जुळेना. रक्त द्यायचं म्हणजे माणसं मागच्या दाराने पळतात, अर्धं आयुष्य गेलं असं वाटतं. त्या ड्रायव्हरने बाही वर केली. दुसऱ्या दिवशी मला बघायला आला तेव्हा म्हणतो, "काकी, घाटावरचं रगत घातलंय तुमच्यात. आता आमटी अजून झणझणीत व्हायला पाहिजे." मला हसूही येईना इतकी मी गळून गेले होते, पण डोळ्यांतून पाणी आलं.

"उपाशी होतात का?"

बेरियम म्हणून एक पांढरा घोळ प्यायला दिला आणि फोटो काढले. मोठे डॉक्टर फोटो उजेडापुढे धरून म्हणाले, "आतड्याच्या तोंडाशी अल्सर आहे. जखम खोल गेलीय. इतके दिवस दुखलं नाही?"

"दुखायचं. पण औषध घेत होते ना मी. रोज. उपासालासुद्धा."

"उपासाला?" त्यांनी फोटो खाली ठेवला. "कसला उपास?"

मी सगळं सांगितलं. सोमवार, गुरुवार, संकष्टी. आणि हे औषध दगडातलं असल्यामुळे कसं चालतं तेही. मला वाटलं, डॉक्टर म्हणतील, वा. डॉक्टर स्टुलावर बसले. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "हे ह्यांना कोणी सांगितलं?"

आमचे हे खाली मान घालून उभे. चेहरा असा पडलेला की मलाच दया आली.

"दगडातलं आहे हे खरं," डॉक्टर म्हणाले. ते ओरडले नाहीत, ही त्यांची कृपाच. "पोटातलं आम्ल मारायला ते चांगलं. ह्याच धातूचं मीठ किंचित प्रमाणात धनुर्वाताच्या इंजेक्शनातही असतं. तुमच्या लेकीला टोचलं असेल ना, त्यातही. तिथे ते लशीचा जोर वाढवतं. इथे ते आग शमवतं. पण काकी, जेवणाचं काम ते करत नाही हो! तुम्ही आग दाबून ठेवलीत आणि जखम खाली वाढत गेली."

मग त्यांनी स्पष्ट सांगितलं. दर दोन तासांनी थोडंथोडं खायचं, दूध, पेज, मऊ भात. औषध त्याच्या जोडीला, त्याच्या जागी नाही. उपास कायमचे बंद. पुन्हा रक्त गेलं तर कोल्हापूरला नेऊन पोट फाडावं लागेल, आणि अंगात रक्त इतकं कमी असताना ते किती झेपेल ह्याची खात्री देता येत नाही.

"कायमचे नाही, डॉक्टर," मी म्हटलं. "पोरीला सातवा लागलाय. तिची सुटका होईपर्यंतच आहेत. तेवढे करू दे."

"तेवढे केलेत तर सुटका बघायला तुम्ही असाल का, ते मी सांगू शकत नाही," असं म्हणून ते पुढच्या खाटेकडे गेले.

खाटेवरचा हिशेब

मरणाची भीती मला वाटली का? वाटली. खोटं कशाला बोलू? पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. मी घास खाल्ला आणि पालीत पोरीला काही झालं तर? बोललेलं मोडलं आणि देवाने तिसरंही नेलं, तर त्या पोरीला मी तोंड कसं दाखवू? मी मेले तर एक म्हातारी गेली, इतकंच. असा माझा हिशेब. आजारी माणसाचं डोकं कसं चालतं ते बाहेरून कळत नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

इस्पितळाचा दिवस तसा ठरलेला. सकाळी फिनेलचा वास, मग चादरी ओढणाऱ्या मावशी, मग सिस्टर औषधाचा ट्रे घेऊन. तेच पांढरं औषध, आणि जोडीला जखम भरायच्या गोळ्या. मग दूध. मग पेज. माझ्या शेजारच्या खाटेवर मांडवीची पारूबाय होती, मासे विकणारी, पाय सुजून आलेली. तोंडाने माझ्या वरताण. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "दृष्ट लागलीय गो तुला. एवढी माणसा तुज्या हातचा जेवतत. तुरटीचो खडो आण, निखाऱ्यावर टाकतंय, कोणाचा तोंड दिसता ते बघू."

"तुरटी पण त्याच जातीची आहे म्हणे," मी म्हटलं. "आता आणखी नको ग बाई."

रविवारपर्यंत मी गुणी पोरीसारखं खाल्लं. सोमवारी सकाळी दूध आलं, ते मी पारूबायच्या पेल्यात ओतलं. पेज आली, तीही तिलाच दिली. तिला वाटलं मला जात नाही. दुपारचा भात आला तेव्हा मात्र तिने ताटली परत माझ्या खाटेवर आणून आपटली.

"काय गो बाय, मना खाऊन खाऊन मारतंस काय? तुजा काय चाललाय?" आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा आवाज चढवून, "सिस्टर! ही बाय उपास करता!"

मेलीने घात केला असं तेव्हा वाटलं. आज तिचे उपकार मानते.

सिस्टरने ह्यांना बोलावलं. आमचे हे कधी माझ्यावर आवाज चढवणारे नव्हेत. त्या दिवशी खाटेची दांडी धरून म्हणाले, "माझ्या तोंडानं मारलं मी तुला. दगड, दगड करत बसलो. आता तू मर, आणि मी आयुष्यभर त्या सड्याकडे बघत बसतो." आणि सगळ्या बायकांसमोर ढसाढसा रडले. मी मान फिरवली. पण ताटलीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी हे दिसले नाहीत. दुपारी उशिरा आले, तोंड हसरं. म्हणाले, "गावाला जाऊन आलो. देवळात कौल लावला. देवानं उजवी दिली गो! उपास सोडायची मोकळीक दिलीन."

कौल म्हणजे देवाला लावलेल्या पाकळ्या. उजवी पडली की देवाचं होय. मला क्षणभर इतकं हलकं वाटलं! मग माझी नजर ह्यांच्या पायांकडे गेली. आमच्या गावची वाट तांबड्या मातीची. जाऊन आलेल्या माणसाचं धोतर गुडघ्यापर्यंत लाल होतं, पायाच्या भेगांतला रंग दोन दिवस धुतला तरी निघत नाही. ह्यांचं धोतर परीटघडीचं, पाय स्वच्छ.

"कुठपर्यंत गेला होतात?" मी विचारलं.

"स्टँडपर्यंत," हे म्हणाले. बिचाऱ्यांना खोटं धड बोलताही येत नाही. "गाडीत बसलो होतो. मग वाटलं, डावी पडली तर? तर काय करू मी? म्हणून उतरलो."

काय बोलणार अशा माणसाला? मी त्यांचा हात धरून ठेवला. त्यांना वाटलं आता खाईल. मी म्हटलं, "गुरुवार येऊ दे, बघू." म्हणजे बाकीचे दिवस खाणार, गुरुवारी नाही. हट्ट तो हट्टच.

नलू

तिला काही कळवायचं नाही असं मी बजावलं होतं. पण माझ्या मेंबरांतल्या पालीच्या एका कंडक्टरने तिला निरोप पोचवला आणि गुरुवारी सकाळी, पेजेच्या वेळी, नलू वॉर्डाच्या दारात उभी. पोट पुढे आलेलं, चेहरा उन्हाने लाल, एका हातात पिशवी. त्या हेलकावणाऱ्या गाडीतून ती आली हे बघून माझा जीव वर आला.

"तुला अक्कल आहे का? अशा अवस्थेत कशाला आलीस?"

"तुझ्याकडूनच घेतलीय अक्कल," ती म्हणाली. माझीच लेक ती. खाटेच्या कडेला टेकली, धाप लागलेली. पारूबायने तिला पाणी दिलं. पेजेची वाटी झाकून ठेवलेली होती. नलूने झाकण काढलं, बघितलं, परत ठेवलं.

"बाबा खाली भेटले, त्यांनी सांगितलं मला सगळं," ती म्हणाली.

"मग तुला कळलं असेल मी का खात नाही. तुझ्यासाठीच आहे ना गो हे."

"होय. म्हायत हाय मला."

मला वाटलं, आता ही रडेल, पाया पडेल, शपथ घालेल. सगळ्याची तयारी करून मी बसले होते. तिने तसलं काही केलं नाही. माझ्या हातावरची सुई टोचलेली जागा ती अंगठ्याने हळूहळू चोळत राहिली.

"आई," ती म्हणाली, "पहिलं गेलं तेव्हा तू सोमवार करत होतीस ना?"

"होय."

"आणि दुसऱ्याच्या वेळी गुरुवारपण."

मी मान हलवली.

"दोन्ही वेळा तू उपाशी होतीस, आणि दोन्ही गेली. तुझ्यामुळे गेली असं म्हणत नाय मी. पण उपाशी राहून झालं ना दोनदा?" तिने वाटी उचलून माझ्यापुढे धरली. "ह्या वेळी जेवून बघ ना गो आई. माझ्यासाठी."

मी वाटी घेतली. पेज कोमट झाली होती, तिला वरून साय धरली होती. मी दोन घोट घेतले आणि मला हुंदका फुटला, आणि नलूलाही. ती मला पाजत होती आणि आम्ही दोघी रडत होतो. वाटी संपली तेव्हा तिने पिशवीतून आपला डबा काढला. सकाळपासून तिच्याही पोटात काही नव्हतं. मी तिला त्यावरून चांगली झापली.

घरी

घरी आले तर खानावळ चालू. मेंबरांनी आपसात पाळ्या लावून भात आणि आमटी शिजवली होती. आमटी कसली, हळदीचं पाणी! पण कोणीही दुसरी खानावळ धरली नव्हती. मी बरी होईपर्यंत ते हळदीचं पाणी त्यांनी मुकाट्याने प्यायलं, ह्याला मी काय म्हणू?

सगळ्यात अवघड काय गेलं ठाऊक आहे? औषध नाही, तिखट सोडणंही नाही. मेंबर बसायच्या आधी आपण जेवायचं, ते. पहिल्या दिवशी मी चुलीमागे, भिंतीकडे तोंड करून, चोरासारखे चार घास खाल्ले. ड्रायव्हरने आत डोकावलं. म्हणाला, "काकी, बाहेर या की. पंगतीत बसा." मी नाही म्हटलं. मग त्याने आपलं ताट उचलून आत आणलं आणि माझ्याशेजारी मांडी घातली. हळूहळू मी बाहेर बसायला लागले. आधी लाज वाटली, मग कंटाळा आला लाजायचा.

माझ्यासारख्या बायांना सांगायचं ते एवढंच. औषध कुठलंही असो, दगडातलं असो की पाल्यातलं, डॉक्टरने कशाबरोबर घ्यायला सांगितलंय ते पुरतं ऐका. दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं असं समजू नका. आणि घरातली वाढणारी केव्हा जेवते, हे घरातल्यांनी एकदा तरी विचारावं.

बाकावर

नलूला रविवारी संध्याकाळी कळा सुरू झाल्या. तिला रत्नागिरीला आणलं, पण सुटका होईना. सोमवार उजाडला. वार तोच उजाडायचा होता! डॉक्टरीणबाई आत-बाहेर करत होत्या, काही सांगत नव्हत्या. जावई व्हरांड्यात येरझारा घालत होते. मी आणि हे बाकावर.

माझी खायची वेळ झाली. ह्यांनी डबा उघडला. दूधभात. माझ्याकडे बघितलं. पुढे सरकवला नाही, नुसता मांडीवर धरून बसले.

आतून नलूचा आवाज येत होता. मी तुम्हाला खरं सांगते, तेव्हा उठून पळत गावच्या देवळात जावं, पायरीवर डोकं आपटून म्हणावं, घे बाबा, आजपासून पाणीसुद्धा सोडते, असं मला वाटत होतं. हात डब्याकडे जाईना. शेजारी बसलेली कुणाची तरी सासू माझ्याकडे बघत होती, की लेक आत ओरडतेय आणि ही बया भात खाणार!

मी घास उचलला. निम्मा भात लुगड्यावर सांडला. उरलेला तोंडात घातला. चावला, पुन्हा चावला, डोळे मिटले आणि मनात म्हटलं, देवा, मी जेवतेय रे. बघ, मी जेवतेय. गिळला. दुसरा घास घेतला.

तो तोंडात असतानाच आतून बारीक, चिडलेलं रडणं ऐकू आलं.

हे उभे राहिले. जावई भिंतीला टेकले. सिस्टर दार उघडून म्हणाल्या, "मुलगी झाली. दोघी ठीक आहेत." सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी काय बोलते म्हणून. माझं तोंड भाताने भरलेलं. मी आधी तो घास नीट गिळला, मग रडले.